कोसमटोल्याची याचना

“हाक जाते, भंते. ओ पण येते. मग आवाज का जात नाही?”

सुगत विहाराच्या फरशीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. समोर आसनावर भंते उपशांत चीवराला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण हाक मारतं?”

“मी. इथून कोसमटोल्याच्या राउटरला. हे बघा... हाक. ओ. हाक. ओ. एकही चुकत नाही.”

“मग बोल की त्याच्याशी.”

“मला नाही बोलायचं. तुम्हाला बोलायचंय. आज पौर्णिमा आहे.”

भंतेंनी टाका ओढला.

वर्षावास सुरू होता. पावसाचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतो, गावोगाव हिंडत नाही. या दिवसांत टेकडीखालच्या चार गावांतली माणसं चढून विहारात येत. ज्यांना चढवत नाही ती घरी राहत.

सुगत मेश्राम फिनलंडमध्ये नेटवर्किंग शिकला होता. तिथली नोकरी सोडून परत आला, तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं: ज्याला चढवत नाही त्याच्यापर्यंत टेकडीनंच उतरावं.

त्यानं चारही गावांच्या विहारांत एकेक राउटर आणि एकेक स्पीकर बसवला. टेकडीवर माइक. संध्याकाळी भंते बोलत, आणि खाली चार गावं ऐकत.

तीन गावं अजूनही ऐकत होती.

कोसमटोल्याचा स्पीकर आठवडाभर मुका होता.

फोन वाजला. कोसमटोल्याच्या यशोदाबाई रामटेके. तिथला विहार उघडणं, झाडणं, दिवा लावणं त्यांच्याकडे. भंतेंनाही ऐकू यावं म्हणून सुगतनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“बोला मावशी.”

“मी काय बोलू बाबू? बोलायचं त्यानं, ऐकायचं आम्ही. तो तर बोलूनच नाही राहिला.”

“आज होईल.”

“काल बी तू हेच म्हणलास. बाया रोज येऊन बसतात इथं. आधी एक मूर्ती होती. आता दोन झाल्या. दोन्ही बी गप्प.”

भंते हसले. सुगत हसला नाही.

“आज पौर्णिमा, म्हणून बसतो,” यशोदाबाई म्हणाल्या. “आज नाही आला आवाज, तर उद्या दूधवाल्याच्या गाडीत तुझा डबा वापस पाठवते. रागानं नाही म्हणत, बाबू. मुक्या डब्यासमोर हात जोडून बसायला बायांना कसंतरीच वाटते.”

“हो मावशी.”

“माझे गुडघे धड असते, तर मीच आली असती वर. डब्याचं कामच नव्हतं.”

फोन बंद झाला.

सुगतनं तो फरशीवर ठेवला.

“डबा परत आला की संपलं, भंते. एका गावानं परत केला की बाकीची तीनही करतील. मग मी परत कशासाठी आलो?”

भंतेंनी ठिगळाची कड दुमडली.

“एक उपाय आहे,” सुगत म्हणाला. “आत्ता राउटर फक्त मागणाऱ्याला देतात. ती अटच काढून टाकतो. आवाज सगळीकडे ओततो. प्रत्येक वाटेवर, कुणी मागो न मागो. कोसमटोल्यात पोचेलच.”

“आणि ज्यांनी मागितला नाही?”

“त्यांच्या वाटेवरूनही वाहील. शेजारच्या मोहटोल्याच्या आरोग्य उपकेंद्राचा फोन त्याच वाटेवर आहे, तो जरा अडखळेल. पण एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे...”

“उन्हाळ्यात तू मला काय सांगितलं होतंस?”



उन्हाळ्यात याच फरशीवर बसून त्यानं सांगितलं होतं, तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. ‘भंते, यात न मागता कुणाला काही जात नाही. गावाचा राउटर मागतो. ती मागणी शेजारचा राउटर घेतो, तो पुढच्याला देतो, अशी ती इथपर्यंत चढून येते. मग आवाज त्याच पायऱ्यांनी खाली उतरतो. अगदी आपल्यासारखं.’

आपल्यासारखं, म्हणजे विहारासारखं. विहारात उपासक हात जोडून शील, म्हणजे सदाचरणाची व्रतं, मागतो. एकदा नाही, तीनदा. त्या मागण्याला याचना म्हणतात. याचना झाल्याशिवाय भंते शील देत नाहीत.

“ओतायचंच असतं,” भंते म्हणाले, “तर मी टेकडीवर कर्णा लावला असता. तू कशाला हवा होतास?”

सुगतचे कान लाल झाले.

“मी सगळं तपासलंय, भंते. माइक, केबल, इथला राउटर. राउटर तर बदलूनसुद्धा पाहिला.”

“हे सगळं इकडचं.”

“मग?”

“तिकडचं?”

“तिकडे काय बघायचं? बोलणारे आपण. ते नुसते ऐकणारे.”

भंतेंनी टाका मारला आणि दोरा तोडला. सुई डोळ्यांजवळ धरून पाहिली, पुन्हा खाली घेतली.

सुगतनं थोड्या घुश्शातच कोसमटोल्याचा राउटर लॅपटॉपवर उघडला. वाचत गेला. मग वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला.

“हा मागतोय, भंते.”

“कोण?”

“कोसमटोल्याचा राउटर. तिथं ऐकणारं कुणी बसलंय हे त्याला माहीत आहे. मागतोय. आठवडाभर मागतोय.”

“इथं येते त्याची मागणी?”

“इथं... नाही आली.”

“मग जाते कुठं?”

“निघते सगळ्यात जवळच्या वाटेनं. ते तो स्वतःच ठरवतो.” सुगतच्या आवाजात थोडा ताठा परत आला. “आणि जवळची वाट उत्तम आहे. मी बांधली ती. आधी कोसमटोल्याचं सगळं मोहटोल्यावरून वळसा घालून यायचं. गेल्या आठवड्यात मी कोसमटोल्याच्याच पाण्याच्या टाकीवर नवी डिश लावली, थेट या टेकडीच्या समोर. चौपट वेग.”

“गेल्या आठवड्यात.”

“हो, मलाही तोच संशय आला होता. पण वाट बिघडलेली नाही. तिच्यावरूनच तर ओ येते.”

“कोसमटोल्यानं मागितली होती ती?”

“वाट?”

“हं.”

“मागितली नव्हती... पण जवळची आहे, भंते.”

 पागोळ्या दगडावर पडत होत्या, तेवढा आवाज येत राहिला.

“आज शील घेतलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही. सकाळपासून यातच आहे.”

“पौर्णिमा आहे म्हणून मला सांगतोस. घे आधी.”

आत्ता? असं सुगतच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. लॅपटॉप बाजूला सारला, आसनासमोर गुडघ्यांवर बसला, हात जोडले, डोळे मिटले.

लहानपणी आईनं शिकवलेली पाली याचना त्यानं म्हटली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

आणि थांबला.

उत्तर आलं नाही...

उच्चार चुकला असेल, असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश. मग जरा मोठ्यानं. मग शब्दन्‌शब्द सुटा करून.

पागोळ्यांखेरीज काही ऐकू येईना.

त्यानं डोळे उघडले.

आसन रिकामं होतं.

भंते त्याच्या पाठीमागे, विहाराच्या दारात बसले होते. चौकटीला पाठ टेकलेली. मांडीवर चीवर, हातात सुई.

“भंते, मी याचना केली.”

“केलीस?”

“तीनदा. मग पुन्हा तीनदा.”

“कुणाकडे?”

सुगतनं समोर पाहिलं.

“...आसनाकडे.”

“शब्द चुकले?”

“नाही.”

“आसन लांब होतं?”

“नाही. हातभरावर आहे.”

“त्यावर कोण होतं?”

“कुणी नाही.”

भंतेंनी मान हलवली आणि पुन्हा ठिगळात सुई घातली.

सुगत तसाच गुडघ्यांवर राहिला, मान अर्धी वळवलेली. मग एकदम हात लांबवून त्यानं लॅपटॉप ओढला.

“शेजारी,” तो पुटपुटला. “शेजारी बघितलेच नाहीत मी.”

“कुणाचे शेजारी?”

“राउटरचे. राउटर कुणाहीपुढे हात पसरत नाही, भंते. आधी शेजाऱ्याला जयभीम घालतो. पलीकडून जयभीम आला, तरच त्याच्याकडे मागणी देतो. मोहटोल्याच्या वाटेवर सगळे एकमेकांना ओळखतात. आणि नव्या वाटेवर...”

त्यानं पडदा भंतेंकडे वळवला. टाकीवरच्या नव्या वाटेपुढे शेजाऱ्याचं नाव यायला हवं होतं. तिथं काहीच नव्हतं.

“कुणी नाही?” भंते म्हणाले.

“कुणी नाही.”

“मग तुझी ती हाक आणि ओ?”

“त्याला शेजारी लागत नाही. एकाचं एकाला पोचवायचं तर नुसती वाट पुरते. पण सगळ्यांसाठी जे बोललं जातंय ते मागायचं, तर पलीकडे मागणी ऐकून घेणारं कुणीतरी लागतं. मी वाट बांधली. दोन्ही टोकांना एकमेकांना जयभीम घाला म्हणून सांगायचं राहिलं.”

“तो जुन्या वाटेनं का नाही मागत? तिथं बसलेत ना सगळे.”

“नाही मागत. जवळची वाट दिसली की तो तिकडेच तोंड करून बसतो. मागे कोण बसलंय हे बघतच...”

सुगतचं वाक्य तिथंच तुटलं.

त्यानं भंतेंकडे पाहिलं. भंते बाहेर भिजणाऱ्या पायऱ्यांकडे पाहत होते.

सुगतनं एक ओळ या टोकाला लिहिली. तीच ओळ त्या टोकाला लिहिली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला. इतक्या दिवसांत तो असा नुसता बसला नव्हता.

“आला,” तो हळूच म्हणाला. “टाकीकडून जयभीम आला.”

आणि थोड्या वेळानं,

“मागणी आली, भंते. कोसमटोल्याची.”

“बरं. आणि तुझी?”

सुगतनं लॅपटॉप मिटला. आसनाकडे पाठ करून तो दारापर्यंत सरकला. भंतेंच्या समोर बसला. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत.

तीनदा म्हटलं.

भंतेंनी सुई चीवरात टोचून ठेवली, आणि त्याला शील दिलं.

संध्याकाळी टेकडीवर फार माणसं नव्हती. पाऊस होता. भंते माइकसमोर बसले, आणि थोडंच बोलले. रागाबद्दल बोलले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं याबद्दल बोलले. मध्ये एकदा त्यांना ढास लागली, तेव्हा बोलणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

सुगत भिंतीला टेकून बसला होता. त्याचं अर्धं लक्ष हातातल्या फोनकडे होतं.

प्रवचन संपलं तरी फोन वाजला नाही.

माणसं उठली. चपला शोधू लागली. फोन वाजला नाही.

शेवटी त्यानंच लावला.

“मावशी? आला का आवाज?”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

“मावशी...?”

“बाया उठूनच नाही राहिल्या, बाबू. दिवा बारीक करू का नको, मला समजूनच नाही राहिलं.”



“आणि डबा?” त्यानं कसंबसं विचारलं.

“कोणता डबा? असू दे तो.” मग यशोदाबाईंचा आवाज एकदम करडा झाला. “तू तिथं बसून करतोस काय? भंते किती खोकलले. त्यांना ओव्याचा शेक दे, पावसाची हवा आहे. शिकून आला म्हणते, एवढं समजत नाही.”

“देतो मावशी.”

“दे. आणि उद्या मला सांग, उतरला का नाही खोकला.”

सुगतनं तवा तापवला. पुरचुंडीत ओवा बांधला. शेकायला भंतेंपाशी येऊन बसला.

विहारात आता दोघंच होते.

“भंते, तुम्हाला या नेटवर्कमधलं काही कळत नाही.”

“नाही.”

“राउटर म्हणजे काय हेही तुम्ही मला दोनदा विचारलंय.”

“तीनदा. एकदा तू झोपेत होतास.”

सुगत हसला. 

“तरी माझी चूक नेमकी तुम्हीच दाखवलीत. शब्दानं नाही. मी डोळे मिटल्यावर आसन रिकामं केलंत, माझ्या पाठीमागे जाऊन बसलात. मी जन्मभर विसरणार नाही ते. सांगा ना भंते... मी कुठं चुकलोय हे तुम्हाला कसं कळलं?”

भंतेंनी पुरचुंडी छातीवर नीट धरली. दाराकडे पाहिलं. बाहेर ढगाआड पौर्णिमा होती.

“सुई ओवायची होती, सुगत. दारात उजेड होता.”