यशवंताचा दोर

खाडीकाठच्या एका गावात यशवंता नावाचा एक नावाडी होता. देवीच्या जत्रेत गोफ खेळायचा तर यशवंता हवाच, असं लोक म्हणत. गोफासाठी मांडवाच्या आढ्याला रंगीत दोर बांधत. एकेकाने एकेक दोर धरायचा आणि नाचत जोडीदाराच्या कधी आतून, कधी बाहेरून जात दोरांची वेणी गुंफायची. मग उलट्या पावलांनी तीच वेणी उकलायची. ती पुरती उकलली नाही, तर देवीची सेवा अपुरी राहिली असं गाव मानत असे.

यशवंताहून चांगले नाचणारे गावात पुष्कळ होते. पण मांडवात आला की तो आधी कडेला पाहायचा. जो एकटाच उभा दिसेल त्याला हाताला धरून आत आणायचा आणि आपला जोडीदार करायचा. बोलका तर इतका, की होडी पलीकडच्या काठाला लागली तरी त्याची गोष्ट संपेपर्यंत उतारू उतरत नसत.

असाच त्याने भागोजी कुंभाराला आत आणलं होतं. भागोजी घाटावरून नवाच आलेला. मडकी झकास करायचा, पण उजवा पाय टाक म्हटलं की याचा नेमका डावा पडे. गाव त्याच्याशी कामापुरतं बोले. यशवंता मात्र रोज संध्याकाळी त्याला पावलं शिकवी.

एके सकाळी होडी पाण्यात ढकलताना यशवंता वाळूतच खाली बसला. माणसं धावली, तोवर सगळं आटोपलं होतं. ना आजार, ना काही. आदल्या दिवशी ज्यांनी त्याच्याशी गप्पा मारल्या होत्या, त्यांना ते खरंच वाटेना. सारं गाव रडलं.

जत्रा तोंडावर आली. गोफाचा म्होरक्या केरोबा हा यशवंताचा लहानपणापासूनचा सोबती. तो स्वतः नाचत नसे. मधोमध उभा राहून गाणी म्हणे. त्याने यशवंताचा लाल दोर ताणून खांबाला बांधला आणि त्यावर झेंडूचा हार चढवला.

“ह्या दोराला कुणी हात लावायचा नाय,” तो म्हणाला.

भागोजीने भीत भीत विचारलं, “मग मी कुनासंगं नाचू?”

“तुझा जोडीदार गेला. तू आता बाहेरनंच बघ.”

केरोबा काही दुष्ट नव्हता, दुःखात होता. पण दुःखातल्या माणसाने ढकललं म्हणून ढकललेल्याला कमी लागतं, असं थोडंच आहे? भागोजी मान खाली घालून निघून गेला.

सराव सुरू झाला. ताणलेला लाल दोर वाटेतच आडवा. नाचणारे त्याला अडखळत, त्यांचे दोर त्यात अडकत आणि वेणीची गाठ होऊन बसे. केरोबा नाचणाऱ्यांवर खेकसे. हार घातलेल्या दोराला दोष द्यायचा कोणी? जत्रेचा दिवस उजाडला तरी गोफ एकदाही उकलला नाही.

दुपारी यशवंताची बायको सुभद्रा दर्शनाला आली. मांडवात येऊन तिने हार पाहिला.

“केरोबा भावजी, मान चांगला ठेवलात,” ती म्हणाली. “पण तिकडं भागोजी भांडी बांधतोय. ह्यांनी हात धरून आणलेला माणूस आज गाव सोडून चाललाय. हे असते तर इथं हार बघत उभे राहिले असते का?”

सगळ्यांसमोर केरोबाने हार उतरवून देवीच्या पायाशी ठेवला, खांबाची गाठ सोडली आणि तडक कुंभाराच्या घरी गेला. भागोजी मडक्यांत पेंढा भरत होता.

“चल भागोजी. मांडवात तुझा दोर तसाच हाय.”

“मला जोडीदार न्हाई, केरोबा.”

“मी हाय,” केरोबा म्हणाला आणि त्याने त्याचा हात धरला.

संध्याकाळी गाणी दुसऱ्याने म्हटली. केरोबाने लाल दोर धरला आणि भागोजीसमोर उभा राहिला. भागोजीची पावलं चुकायची ती चुकलीच. केरोबा रडत होता आणि रडता रडताच त्याला सांगत होता, “उजवा, भागोजी, उजवा.” वेणी सैल झाली, वेडीवाकडी झाली. पण ती देवीसमोर गुंफली गेली आणि शेवटच्या पेडापर्यंत उकलली. भागोजीने घरी जाऊन मडक्यांतला पेंढा काढून टाकला.

तात्पर्य: गेलेल्या माणसाची जागा रिकामी ठेवून त्याची आठवण राहत नाही, तो ज्यांना जवळ करत होता त्यांना आपण जवळ केलं, तरच ती राहते.