बेहड्यातली ढोली

फार मागे, सागाच्या रानात झिपरी नावाची खार राहत होती. पिल्लं झाली आणि तिला उंबरावरचं घरटं पुरेना, म्हणून ती धनेश पक्ष्याकडे गेली. त्याने तिला बेहड्याच्या झाडातली ढोली दाखवली.

"दाराचा हा चिखल माझ्या बायकोने लिंपलेला. ढोली माझीच आहे."

चिखल खरा होता. आत मात्र पिंगळ्या घुबडांची जोडी डोळे मिटून बसली होती.

"आणि हे?" झिपरीने विचारलं.

"किती गरीब आहेत बघ. तू राहायला आलीस की जातील."

ढोलीच्या बदल्यात झिपरीने घरट्यासकट उंबराची फांदी धनेशाला देऊन टाकली.

संध्याकाळी ती पिल्लू तोंडात धरून दाराशी आली, तेव्हा पिंगळे टक्क जागे होते. पिल्लू पायाशी ठेवून ती म्हणाली, "ढोली माझी आहे."

"असेल," पिंगळा पिल्लावरची नजर न काढता म्हणाला. "या की आत."

तिने पिल्लू उचललं आणि मागे सरली. उंबरावर धनेश तिला आता पाय ठेवू देईना.

तेव्हापासून झिपरी पिल्लांसकट उघड्या बेचक्यात राहते. रोज दुपारी, पिंगळे झोपले की, ती येते, शेपटीने आपलं दार झाडते आणि आवाज न करता निघून जाते.