वातीआईची टोपली

बायांनो, लेकरांनो, जवळ येऊन बसा. फार वर्षांपूर्वी पूर्णेच्या काठी बोरतांडं नावाचं एक गाव होतं. गावाला एक ओढा, ओढ्यापलीकडे आमराई, आणि महादेवाच्या देवळापुढे काळ्या दगडाची उंच दीपमाळ. त्या गावात अनसाबाई राहायची. नवरा लवकर गेला, पण तेलाचा घाणा तिनं बंद पडू दिला नाही. जवस गाळायची, तीळ गाळायची. घाण्याच्या बैलाचा खांदा सोलला की हळद, कडुनिंब आणि तेल एकत्र कढवून त्यात भिजवलेली वात जखमेत भरायची. आठ दिवसांत खांदा कोरडा व्हायचा. तिच्या हाताला गुण होता, असं म्हणतात.

तिला एकच मुलगा, धोंडू. एके वर्षी शिमग्याच्या सुमारास एका सरदाराच्या फौजेचे लोक आले, त्यांनी तेलाचे बुधले भरून घेतले आणि ते वाहायला धोंडूला त्याच्या बैलांसकट नेलं. तेव्हापासून निरोप नाही की सांगावा नाही. म्हणून आषाढीला अनसाबाईनं नेम धरला. लाख वाती वळीन, त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेवर लावीन, देवा, माझा धोंडू धडधाकट घरी आण.

परसात देवकापसाचं झाड होतं. त्याचा कापूस ती वेचायची, सरकी काढायची, आंघोळ करून ओल्या केसांनी वाती वळत बसायची. शंभराची एक जुडी. जुड्या वेताच्या टोपलीत आणि टोपली देवाजवळ. भादवा सरत आला तेव्हा साठ हजार वाती झाल्या होत्या.

त्या वर्षी फौजांनी पावसाळाही पाळला नाही. भादव्याच्या उघडिपीत एके दिवशी पूर्णेपलीकडे धूर दिसला. एक दिवस धूर, दुसऱ्या दिवशी धूर, आणि तिसऱ्या दिवशी माणसं आली. म्हातारी, पोरंसोरं, गरोदर बाया. कोणाच्या पाठीवर भाल्याची जखम, कोणाचे हात पोळलेले. सहा गावं उठली होती. ती सगळी आमराईत येऊन बसली.

गावाचे पाटील होते मानाजीराव. माणूस वाईट नव्हता, पण भ्यालेला होता. त्यांनी दवंडी पिटवली, की ओढ्याचं पाणी सगळ्यांचं आहे, त्याला ना नाही. पण आमराईतल्यांनी अलीकडे यायचं नाही आणि आपण पलीकडे जायचं नाही. मागावर स्वार आले तर आपलंही गाव सातवं होईल. लोकांनी माना डोलावल्या.

अनसाबाईला रात्रभर पोरांचं रडणं ऐकू आलं. सकाळी तिनं तेलाची बुधली घेतली, हळद घेतली, पदर खोचला आणि ओढ्याकडे निघाली. वेशीवर पाटील भेटले. कुठं निघालीस, त्यांनी दरडावून विचारलं. ती म्हणाली, बैलाचा खांदा बघायला. पाटील म्हणाले, तिथं बैल नाहीत. ती म्हणाली, खांदे तर आहेत.

आमराईत पहिल्याच झाडाखाली कोंडाबाई नावाची बाई बसली होती. मांडीवर पाच वर्षांची लेक, कोपरापासून बोटांपर्यंत हात पोळलेला. अनसाबाईनं बुधली उघडली. वास येताच पोरगी किंचाळली आणि कोंडाबाईनं तिला छातीशी ओढलं.

"तेल आहे का ते?" तिनं विचारलं. "कोण गं तू?"

"घाण्यावाली आहे, माय. समोरच्या गावची."

कोंडाबाईनं लेकीचा हात पदराखाली घेतला. मग तिनं सांगितलं. पावसानं छपरं ओली होती, पलित्यानं पेट घेत नव्हती. तेव्हा बैलांवरून बुधले आणले, छपरांवर तेल ओतलं, मग गाव पेटलं. जवसाचं तेल होतं. अजून नाकात आहे.

अनसाबाईनं बुधली परत बंद केली. कोणत्या सरदाराची फौज, एवढंच तिनं विचारलं. कोंडाबाईनं नाव सांगितलं. तेच नाव होतं.

ती उठली आणि घरी आली. घाण्यापुढे बसून राहिली. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? पण बाई नेमाची होती, आणि नेमाच्या बाईला स्वतःला फसवता येत नाही.

तेल घरात भरपूर होतं. चुन्याच्या पाण्याची निवळी करता येत होती. जवसाच्या तेलात ती फेटली की पोळलेल्यावर लोण्यासारखी बसते. पण जखमा पुसायला, जखमेत भरायला स्वच्छ कापूस हवा. शेतातला नवा कापूस अजून बोंडात होता, जुना फौजेनं नेला होता. सगळ्या गावात कोरडा, धुतलेला कापूस एकाच ठिकाणी होता. तिच्या देवाजवळच्या टोपलीत.

ती टोपली घेऊन देवळात गेली आणि गुरवाला विचारलं. गुरव म्हातारा होता, हळव्या मनाचा होता, पण शास्त्र सोडणारा नव्हता. तो म्हणाला, अनसाबाई, मोजलेली वात देवाची झाली. त्यातली एक जरी दुसरीकडे गेली तरी नेम मोडला. आणि हा नेम पोराच्या जिवाचा आहे, विचार कर.

तिनं विचार केला. दीपमाळेच्या पायरीवर बसून दुपारपर्यंत केला. डोळ्यांपुढे धोंडू येत होता, त्याच्यामागून तो पोळलेला हात येत होता. शेवटी ती उठली.

"गुरवबुवा," ती म्हणाली, "माझ्या घरच्या तेलानं लागलेली आग अजून त्या लेकरांच्या अंगात आहे. ती विझायच्या आत मी इथं दिवे कोणत्या तोंडानं लावू? देवाला माझा धोंडू ठाऊक आहे. त्याचं तो बघेल."

आणि ती परत आमराईत गेली. कोंडाबाईपुढे टोपली ठेवून तिनं सगळं सांगितलं. की तेल माझ्या घाण्याचं. ते वाहून नेणारा माझा लेक. या वाती त्याच्यासाठीच वळलेल्या.

आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली. कोणीतरी दगड उचलला, असंही म्हणतात. कोंडाबाई म्हणाली, "तुझं तेल मी माझ्या लेकीला लावू?"

"जाळलं त्यानंच, थंडही त्यालाच करू दे," अनसाबाई म्हणाली. "मग मला काय बोलायचं ते बोल. मी कुठं जात नाही."

 कोंडाबाईनं लेकीचा हात पुढे केला.

त्या दिवसापासून अनसाबाई घरी झोपायलाही गेली नाही. पोळलेल्यांना निवळीचं तेल, भाल्याच्या जखमांना हळदीची वात. सकाळी जुनी काढायची, जाळून टाकायची, नवी भरायची. कोण कुठल्या गावचं, कोणत्या जातीचं, कोणाच्या बाजूचं, काही विचारलं नाही. कोंडाबाई आधी नुसती बघत होती. चौथ्या दिवशी तिनं वात तेलात बुडवून हातात दिली. आठव्या दिवशी ती स्वतः जखमा भरू लागली. दोघींत बोलणं कमीच, पण हात एका लयीत चालायचे. आणि टोपलीत हात घातला की वात हाताला लागायची. सकाळी घातला तरी लागायची, संध्याकाळी घातला तरी लागायची. साठ हजार वाती किती दिवस पुरतात, हे कोणी सांगू शकत नाही, असं म्हणतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वार आलेच. पलीकडच्या टेकाडावर घोडे उभे राहिले. आमराईच्या प्रत्येक झुडपावर हळदीच्या पट्ट्या वाळत होत्या, सगळी झाडी पिवळी झाली होती. काही म्हणतात, स्वारांना वाटलं इथं महामारी आहे, म्हणून ते वळले. काही म्हणतात, पाऊस नसताना ओढा दुथडी भरला आणि घोड्यांनी पाय टाकला नाही. वळले एवढं खरं. त्याच दिवशी मानाजीराव पाटील ओढा उतरून आले. आपलं पागोटं त्यांनी अनसाबाईपुढे ठेवलं आणि म्हणाले, फाडा. चांगलं वीस हातांचं आहे.

त्रिपुरी पौर्णिमा आली. टोपलीत वात नव्हती. अनसाबाई रिकाम्या हातांनी देवळात गेली, डोकं टेकवलं आणि आली. त्या वर्षी दीपमाळ काळीच राहिली. पण आमराईत एकही जखम उघडी नव्हती.

हळूहळू माणसं आपापल्या जळक्या गावांकडे परतली. कोंडाबाई मात्र लेकीला घेऊन आमराईतच राहिली. तिच्या घराची राख उचलायलाही कोणी उरलं नव्हतं.

माघात एके सकाळी ती पाण्याला गेली, तर ओढ्याकाठी एक माणूस पडलेला. दाढी वाढलेली, अंगात ताप, मांडीत जुनी जखम, पुवानं भरलेली. कोंडाबाईनं घागर ठेवली. जखम धुतली, पिळली, कमरेच्या डबीतली हळदीची वात काढून आत भरली. तो कण्हत होता. ती म्हणाली, झालं, झालं. मग पट्टी बांधता बांधता विचारलं, "कुठला रे तू?"

"या समोरचाच," तो म्हणाला. "घाण्यावालीचा धोंडू."

तिचा हात थांबला. 

"तेल तू नेलंस?"

"बैल माझे होते," तो म्हणाला. "पलिता मी लावला नाही. पण तेल मीच नेलं. म्हणून पळालो तिथून, तेव्हा हा भाला बसला."

कोंडाबाईनं पट्टीचं दुसरं टोक उचललं आणि गाठ मारली. घट्ट मारली, पण नीट मारली. मग उभी राहिली आणि ओढ्यापलीकडे हाक दिली, "अनसाबाई, तुझा लेक आलाय गं. पाय मी बघितलाय. बाकीचं तू बघ."

धोंडू लंगडत राहिला, पण जगला. पाय टेकता येऊ लागल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते कोंडाबाईचं. सागाची लाकडं ओढून आणली आणि तिच्या गावात, तिच्या जागेवर, घराला छप्पर घालून दिलं. तिनं क्षमा केली असं कुणी सांगत नाही. घरात राहायला गेली, एवढं सांगतात.

अनसाबाईला पुढे सगळे वातीआई म्हणू लागले. ती गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कोणाला मोजता येत नाही. आमराईत तिचा ओटा आहे. आजही बोरतांड्यात चातुर्मासात बाया वाती वळतात, तेव्हा अर्ध्या वाती देवाच्या आणि अर्ध्या वातीआईच्या. देवाच्या वाती पौर्णिमेला लागतात. वातीआईच्या लावायच्या नसतात. त्या धुतलेल्या मडक्यात, कोरड्या फडक्याखाली, ओट्यावर झाकून ठेवतात. कोणालाही त्या उचलता येतात, विचारावं लागत नाही.

आणि आणखी एक. आपल्याकडे परका माणूस दारात आला की पहिला प्रश्न ठरलेला, गाव कोणतं? बोरतांड्यात तसं विचारत नाहीत. तिथं आधी पाणी देतात, मग विचारतात, कुठं दुखतंय का? गावाचं नाव माणूस निघताना विचारतात, तेही त्याला सांगायचं असलं तर.

वातीआई जशी त्या आमराईला पावली, तशी दुखत्या जिवाला, वाट चुकलेल्याला, घर हरवलेल्याला पावो. ऐकणाऱ्यांच्या हाताला गुण येवो.