डब्याच्या पोटातली चित्रं

टीव्हीला सेट-टॉप बॉक्सचा डबा जोडायची नवलाई होती, तेव्हाची गोष्ट. अनसूयाकाकूंकडे डबा आला आणि चित्र लख्ख दिसू लागलं. जो तो डब्याचंच कौतुक करी. डबा फुगला.

"चित्रं माझ्या पोटातून निघतात. तू उगाच उन्हात उभा," तो छपरावरच्या अँटेनाला म्हणाला.

"मी आभाळातून धरून तुझ्याकडे पाठवतो रे," अँटेना म्हणाला. डबा हसला.

काकूंनाही वाटलं, डबा असताना वर ही काठी कशाला? त्यांनी वायर सोडवून अँटेना खाली काढला आणि त्याच्या दांड्यांवर शेवया वाळत घातल्या.

संध्याकाळी टीव्ही लावला, तर पडदा काळाठिक्कर. डबा हादरला. त्याने पोट चाचपून पाहिलं. आत एकही चित्र नव्हतं. कधी नव्हतंच.

"डबाच बिघडला मेला," म्हणत काकूंनी त्याला दोन थपडा दिल्या. खरं काय ते त्याला आता कळलं होतं, पण सांगायला तोंड उरलं नव्हतं.