समंधानं दिलेली ओ

मुंबईत एका चाळीमागच्या विहिरीत समंध होता. ऐन दुपारी गोदू पाण्याला गेली, तर घागर वर येईना. खालून खर्जातला आवाज आला, "घाण, गर्दी, नाना देशांची माणसं! इथं कुणी कुणाचं नाही. तुझ्या हाकेला कुणी ओ दिली तर सोडीन, नाहीतर ये खाली."

गोदूनं मालवणी वहिनीला हाक मारली, तेलुगू अक्काला मारली, खानचाचांना मारली. पण भरदुपारी विहिरीकडून आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, ही चाळीची रीतच. दारं धडाधड लागली. दोर तिला आत ओढू लागला.

गोदू वाकून मायेनं म्हणाली, "अहो आजोबा, जेवलात का?"

"नाही गं पोरी," समंध बोलून गेला.

"दिलीत की ओ! आमच्या मुंबईत भूतसुद्धा हाकेला ओ देतं, अन् म्हणे कुणी कुणाचं नाही!"

दोर सैल पडला. खालून हळूच आवाज आला, "काय रांधलंयस?"