बारसं आणि बिळातलं वायफाय

करवंदीच्या जाळीखाली, एका बिळात एक सशीण राहत असे. मुलांनो, बीळ तसं साधंच होतं. पण फळीवर वायफायचा डबा होता आणि डोंगरापलीकडच्या धाकट्या भावाशी ती त्यावरून रोज बोलायची. त्या भावाला मुलगी झाली. बारशाला निघण्याच्या आनंदात सशीण उड्या मारत ओढ्यावर गेली, शेवाळावरून घसरली आणि पाय मोडून घरी बसली. आता बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तेव्हा असं ठरलं, की दुपारी चारच्या मुहूर्तावर भावाने फोन बाळाच्या कानाशी धरायचा आणि आत्याने इथून, खाटेवरूनच नाव सांगायचं.

पण परवापासून वायफायला काय झालं होतं कोण जाणे! बोलता बोलता फोनवर भावाचं तोंड उघडलेलं ते उघडंच राही. "ताई, चारपर्यंत नीट झालं नाही, तर मावशीला बसवावं लागेल गं," एवढं तो कसाबसा म्हणाला आणि पुन्हा थिजला. सशिणीला रडूच फुटलं. आईमागे ज्याला तिने घास भरवून वाढवलं, त्याच्या लेकीचं नाव दुसऱ्या कुणी ठेवायचं?

बातमी फुटताच शहाण्यांची रीघ लागली. कावळा म्हणाला, "कंपनीच भिकार! मी आधीच सांगत होतो." खरं तर त्याने कधीच काही सांगितलं नव्हतं. माकडाने डबा तीनदा बंद करून चालू केला आणि चौथ्यांदा त्याला एक चापट मारली. कोल्हा म्हणाला, "याहून मोठा डबा घ्या. माझ्या ओळखीत आहे एक." असे तीन वाजून गेले. फुकटचा सल्ला देणाऱ्याला घड्याळ दिसत नाही, हे तुम्हीही घरी पाहिलं असेल.

तेवढ्यात शेजारची खार आली. तिने आधी विचारलं, "आत्याबाई, हे कधीपासून होतंय?"

"परवापासून."

"मग परवा घरात नवीन काय आलं?"

"नवीन कुठलं बाई! मी ही अशी पडलेली."

खारीने फोन उचलला. दोन पावलं चालायची, थांबायचं, रेघा मोजायच्या. खाटेपाशी एक रेघ. चुलीपाशी एक. फळीवर, अगदी डब्याला टेकून, चार! मधे होता तांब्याचा भला मोठा हंडा. सशिणीला पाण्याला जाता येणार नाही म्हणून अस्वलाने मायेने परवाच तो काठोकाठ भरून फळीवर, डब्याच्या बरोबर पुढ्यात ठेवला होता.

"सापडलं," खार म्हणाली. "तांबं, त्यात एवढं पाणी. सिग्नल पलीकडे येणार कसा?"

सशीण दचकली. "शुभकार्याच्या दिवशी भरला हंडा रिता करायचा?"

"रिता कशाला? नुसता खाली घेऊ."

चार वाजायला पाच मिनिटं होती. कावळा, माकड आणि कोल्हा तिघांनाही हंड्याला हात लावावा लागला. कोल्हा कण्हत होता, कावळ्याचा तर नुसता पंखच लागला, पण हंडा न सांडता चुलीशेजारी आला. खाटेपाशी चार रेघा उमटल्या. पाळणा दिसला, भावाचं हसू दिसलं, आणि बाळाचे दोन इवले कान दिसले. सशिणीने फोन तोंडाशी नेला, नाव सांगितलं आणि "कुर्रर्र!" केलं. पलीकडे सगळ्या बायकांनी एकदम विचारलं, "काय, काय ठेवलं?"

"कुंदा!" सशीण म्हणाली. एक अक्षरही तुटलं नाही.

आता रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटा बसायला हवा. डोंगरापलीकडून तो कोण घालणार? म्हणून खारीनेच खाटेवर चढून एक हलकासा घातला. सशीण हसता हसता रडली.

तात्पर्य : बिघाड शोधायचा तर आधी आपल्याच घरात फिरून, काय बदललं ते पाहावं; मायेने ठेवलेली वस्तूही कधी कधी वाटेत येते.