वानरांनी निवडलेला मळा

कोकणातल्या त्या गावात ज्याचा उन्हाळी मळा सरस, त्याला पुढच्या वर्षी पाटाच्या पाण्याची पहिली पाळी मिळे. द्वारकाकाकूंना ती हवीच होती; त्यांची पाळी शेवटची, तोवर पाट आटून जाई. तरी घागरीने पाणी घालून, वानरांच्या रोजच्या धाडी सोसून त्यांनी काकडीचे वेल लगडवले होते.

पाहणीला गावकरी जमले. तात्या खोतांनी अर्धी खाल्लेली काकडी उचलली. "हा कसला मळा? माझ्या काकडीला दात लागलेला दाखवा!"

"कसा लागेल, तात्या?" काकू म्हणाल्या. "वानरं रानातून उतरतात ती तुमच्याच मळ्यातून. ना कुंपण, ना राखण. तरी तिथलं काही तोंडाला न लावता माझ्याकडे येतात!"

हशा ओसरायच्या आत गावकऱ्यांनी पहिली पाळी काकूंना दिली.